स्पिरिटच्या दिव्यावर उष्णता मोजताना अर्धा आकडा जातो कुठे?

इथेनॉल, म्हणजे स्पिरिटमधलं अल्कोहोल, जाळून डब्यातलं पाणी तापवलं आणि त्यावरून ज्वलनाची उष्णता काढली, की उत्तर मोलमागे (म्हणजे ४६ ग्रॅम इथेनॉलमागे) ६०० ते ७०० किलोज्यूलच्या आसपास येतं. पुस्तकात असतात १३६७. नवखे विद्यार्थी घाबरून आकडे जुळवायला बसतात. कृपा करून तसं करू नका. राहिलेली उष्णता कुठे गेली ते शोधणं, हाच या प्रयोगाचा गाभा आहे.

डबा तांब्याचा आणि पातळ घ्या, समजा ६० ग्रॅमचा. पाणी १०० ग्रॅम, तेही काट्यावर तोलून. दिव्याची वात अर्धा सेंटिमीटर वर काढा आणि ज्योतीचं टोक डब्याच्या बुडाखाली जेमतेम राहील एवढं अंतर ठेवा. डबा फार खाली आणला तर थंड बुडाला टेकून ज्योत अर्धवट जळते आणि काजळी धरते. फार वर ठेवला तर उष्णता बाजूने निघून जाते. भोवती पत्र्याचा आडोसा हवा, पण खालून हवा यायला फट ठेवा. पंखा बंद.

सर्वांत जास्त घोळ दिव्याच्या वजनात होतो. २० अंश वाढीसाठी जळतं जेमतेम ०.६ ग्रॅम इंधन, म्हणजे वजनात ०.०५ ग्रॅम इकडेतिकडे झालं तरी उत्तर ८ टक्क्यांनी हललं. न पेटवलेला दिवा टोपणाशिवाय ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर ठेवून पाहा: शेवटचा आकडा तुमच्यासमोर उतरत जातो. वात गरम असताना तर तो आणखी भरभर उतरतो. म्हणून ज्योत टोपणानेच विझवायची, टोपण तसंच ठेवायचं आणि दोन्ही वेळा टोपणासकट तोलायचं. दिवा पूर्ण गार झाल्याशिवाय इंधन भरू नका. इथेनॉलची वाफ १३-१४ अंशांनाच पेट घेऊ शकते; आपल्याकडची खोली बहुधा त्याहून गरमच असते. इथेनॉलऐवजी मिथेनॉल जाळणार असाल तर सांभाळा: ते विषारी आहे, शिवाय त्याची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही.

खोली २८ अंशांवर असेल तर पाणी १८ वरून ३८ पर्यंत न्यावं, म्हणजे आधी आत आलेली उष्णता नंतर बाहेर गेलेल्या उष्णतेची बरीच भरपाई करते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, ही युक्ती फसते. गार डब्यावर दव धरतं, ते स्वतःची उष्णता पाण्याला देतं आणि बुडावरचा थेंब वातीवर पडून ज्योत फडफडते. तेव्हा २५ वरूनच सुरुवात करा. विझवल्यावरही ढवळत राहा आणि पारा चढायचा थांबला की ते तापमान लिहा. तापमापी बुडाला टेकवू नका.

हिशेब असा (वजन × विशिष्ट उष्णता × तापमानातली वाढ): पाण्याने घेतले १०० × ४.१८ × २० = ८३६० ज्यूल, तांब्याने ६० × ०.३८५ × २० = ४६२. एकूण ८.८२ किलोज्यूल. ०.६० ग्रॅमने भागले की १४.७, आणि मोलच्या ४६ ग्रॅमने गुणले की मोलमागे ६७६ किलोज्यूल.

आता १३६७ कडे पुन्हा पाहा. त्या आकड्यात ज्वलनातून झालेलं पाणी द्रवरूप धरलेलं असतं. तुमच्या ज्योतीतून ते बहुतेक वाफ होऊन उडतं. मोलभर इथेनॉलमागे ३ मोल पाणी, प्रत्येकी ४४ किलोज्यूल, म्हणजे १३२ तिथेच गेले. तेव्हा तुलना १२३५ शी करा. बाटलीत रेक्टिफाइड स्पिरिट असेल तर आकारमानाने ९५ टक्के म्हणजे वजनाने सुमारे ९२.४ टक्केच इथेनॉल, तुमच्या ०.६० ग्रॅमपैकी ०.५५ ग्रॅमच इंधन होतं.

हाच प्रयोग इतर अल्कोहोलं जाळून केला तर काजळीचाही हिशेब लागतो. ब्युटेनॉलची ज्योत पिवळी, धुरकट असते. डबा आधी आणि नंतर, कोरडा करून तोला: ०.०२ ग्रॅम काजळी म्हणजे ०.६६ किलोज्यूल न जळता बुडाला चिकटले. पुस्तकातले मोलमागचे आकडे असे: मिथेनॉल ७२६, १-प्रोपेनॉल २०२१, १-ब्युटेनॉल २६७६. रेणूत एकेक कार्बन वाढला की सुमारे ६५० ची भर पडते. मांडणी तीच ठेवली तर तुमचे आकडे लहान असूनही हा चढ आलेखात दिसतो. ब्युटेनॉलचा बिंदू रेषेखाली घसरला, तर आधी डब्याचं बूड पाहा.