बीएसए एम२० ला स्पार्क मिळाला एकदाचा!
इथे बर्मिंगहॅमला आमच्या गॅरेजमध्ये जुनी बीएसए (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) एम२० मोटरसायकल आहे, ४९६ सीसी, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने वापरलेलं मॉडेल. रिस्टोअर करून चकाचक केली पण किक मारून मारून पाय भरून आला तरी स्टार्टच होईना, प्लग नवा, कार्बोरेटर साफ, स्पार्क मात्र मरतुकडाच. शेवटी मॅग्नेटोचा (इंजिनाबरोबर फिरून स्पार्कची वीज बनवणारा भाग) पिकअप, म्हणजे प्लगकडे वीज नेणारा तुकडा, काढला, पेन्सिलीला पेट्रोलात भिजवलेलं फडकं गुंडाळून आत स्लिप रिंगला, म्हणजे पिकअप जिच्यावरून वीज घेतो त्या फिरत्या कड्याला, टेकवलं आणि किक हळूहळू दाबत राहिलो, फडकं काळंकुट्ट! पॉइंटचा (मॅग्नेटोतला उघडझाप करून स्पार्क पाडणारा संपर्क) गॅप ०.०१२ इंच केला, दुसऱ्या किकला धडधडली. १८६१ साली याच गावातल्या बंदूक कारागिरांनी काढलेली कंपनी, बोधचिन्हातही तीन रायफली, त्यामुळे हिला तिच्याच गावात फिरवताना लय भारी वाटतं.