परसात शिरणारे रान कसे आवरावे

दरवर्षी कापूनही रानझुडपे परसात पुन्हा तितक्याच जोमाने का येतात, याचे उत्तर जमिनीखाली असते. बहुतेक झुडपे मुळांत आणि बुंध्यात अन्न साठवून ठेवतात आणि वरचा भाग छाटला की त्या साठ्यावर एका फांदीच्या जागी अनेक धुमारे काढतात. म्हणून नुसत्या कोयत्याने हे काम संपत नाही.

प्रथम हद्द आखावी. सगळे परस एका दमात साफ करणे मला शहाणपणाचे वाटत नाही, कारण उघड्या जमिनीवर तणांचे बी लगेच रुजते. जेवढ्या जागेची पुढे निगा राखता येईल, तेवढीच मोकळी करावी आणि घराच्या भिंतीपासून रानाच्या दिशेने सरकत जावे. जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट घालावेत, लांब काठीने झुडूप हलवून साप नाही याची खात्री करावी आणि पक्ष्यांची घरटी दिसल्यास पिल्ले उडून जाईपर्यंत ती जागा सोडून द्यावी.

त्यानंतरचे मुख्य काम मुळांचे. पावसानंतर माती मऊ असताना लहान रोपे मुळासकट सहज उपटता येतात. मोठे बुंधे कुदळ आणि पहारीने खणून काढावे लागतात. खणणे शक्य नसेल, तर झुडूप जमिनीलगत कापावे आणि नवे धुमारे पाने पसरण्याआधीच पुनःपुन्हा खुडत राहावे. प्रत्येक फुटव्यासाठी मुळांतला साठा खर्च होतो, पण मध्येच दुर्लक्ष झाले तर नवी पाने तो भरून काढतात. त्यामुळे या उपायाला एकापेक्षा अधिक हंगाम लागू शकतात. घाणेरीच्या बाबतीत घाई करावी, कारण तिची जमिनीला टेकलेली फांदीही मूळ धरते आणि पिकलेल्या फळांतले बी पक्षी दूरवर नेतात. तिचा पाला गुरांना विषारी असल्याने चाऱ्यात मिसळू देऊ नये.

मोकळी झालेली जागा त्याच दिवशी झाकावी. जाड पुठ्ठे एकमेकांवर चढवून अंथरावेत, ते भिजवावेत आणि त्यांवर सुमारे १० सेंटीमीटर जाडीचा लाकडाच्या चिपांचा किंवा वाळक्या पानांचा थर द्यावा. ठेवायच्या झाडांच्या खोडाभोवती मात्र थोडी जागा मोकळी राखावी. पुढे तेथे दाट गवत लावल्यास उत्तम.

रानाच्या कडेला एक-दोन मीटरचा पट्टा नियमित कापून आखूड ठेवावा, म्हणजे आत सरकणारे फुटवे वेळीच दिसतात. कापलेला पाला जाळू नये, आग रानात पसरू शकते. बी धरलेल्या फांद्या कंपोस्टमध्येही टाकू नयेत, कारण घरगुती ढिगात बी मरण्याइतकी उष्णता बहुधा निर्माण होत नाही. कडेचे मोठे वृक्ष शक्यतो राखावेत. त्यांच्या सावलीत उन्हाची हाव असलेली झुडपे फोफावत नाहीत.