न्यूयॉर्कच्या जॅममध्ये पहिल्यांदा वाजवताना

न्यूयॉर्कमध्ये जॅझवाल्याला काम मिळतं ते बहुतेक ओळखीतून, आणि ओळखी होतात जॅम सेशनमध्ये, म्हणजे जमलेल्या वादकांनी आयत्या वेळी एकत्र वाजवायच्या मैफिलीत. वेस्ट व्हिलेजमधल्या 'स्मॉल्स'सारख्या क्लबात ठरलेला बँड आधी वाजवतो, मग रात्री उशिरा बाकीच्यांना बोलावतात. गेल्या गेल्या नाव आणि वाद्य सांगून ठेवा, काहीतरी प्यायला घ्या आणि पहिला सेट कान देऊन ऐका. पियानोवाला कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) भरगच्च देतो की मोकळे, ड्रमर कुठे जोर चढवतो, हे तेव्हाच कळतं.

एफ पट्टीतला १२ बारांचा ब्लूज (बार म्हणजे तालाचा एक तुकडा, इथे ४ ठोक्यांचा) आणि बी फ्लॅटमधले ३२ बारांचे रिदम चेंजेस ('आय गॉट रिदम' या गाण्याचा कॉर्डक्रम) कागदाशिवाय आलेच पाहिजेत. पट्टी नेहमी पियानोची बोलतात. पियानोचा एफ म्हणजे टेनर सॅक्स आणि ट्रम्पेटवाल्याच्या लेखी जी, आल्टो सॅक्सवाल्याच्या लेखी डी. गोंगाटात पट्टी बोटांनी दाखवतात: ३ बोटं खाली म्हणजे पट्टीत ३ फ्लॅट (उतरवलेले स्वर), म्हणजेच ई फ्लॅट. कुणी स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला की मूळ चालीवर परतायचं. गायकांनी आपली पट्टी लिहिलेल्या कागदाच्या ३ प्रती न्याव्यात आणि इंट्रोसाठी, म्हणजे गाण्याआधीच्या वाजवण्यासाठी, 'शेवटचे ८ बार' एवढंच सांगावं.

खरा घोळ होतो आवर्तनात, म्हणजे ट्यूनची पूर्ण रचना एकदा वाजवताना. एएबीए रचनेत (८-८ बारांचे चार भाग: ए, ए, वेगळ्या चालीचा बी, पुन्हा ए) शेवटच्या एला लागूनच पुढच्या आवर्तनाचे दोन ए येतात, म्हणजे सलग तीन. दोनच मोजले की माणूस ८ बार आधीच बीमध्ये शिरतो आणि सगळं विस्कटतं. चुकलात तर वाजवणं थांबवा, मूळ चाल मनात म्हणत बासकडे कान लावा आणि बी आला की आत या. ड्रमरशी ४-४ बारांची देवाणघेवाण करतानाही चाल मनात चालूच हवी, कारण त्याचे आघात समेला हूल देतात.

सोलो दोन आवर्तनांचा पुरे. मिनिटाला १६० ठोक्यांच्या लयीत ३२ बारांना ४८ सेकंद लागतात. सहा जणांनी पाच-पाच आवर्तनं घेतली की एकाच ट्यूनमध्ये २४ मिनिटं जातात आणि मागचे ताटकळतात. दुसऱ्याचा सोलो चालू असताना हळूसुद्धा वाजवू नका.

हार्लेमच्या मिंटन्स प्लेहाउसमध्ये १९४० च्या दशकात अवघड पट्ट्या आणि सुसाट लय लावून कच्च्या वादकांना गाळत. आजही कुणी लय तशी चढवतं. झेपणार नसेल तर ती ट्यून सोडा, यात कमीपणा नाही.

उतरल्यावर वाद्य पेटीत घालून लगेच निघू नका. बासवाल्याशी आणि ड्रमरशी बोला, नंबर घ्या आणि पुढच्या आठवड्यात त्याच वारी परत या. ऐनवेळी बदली वादक लागला तर फोन जातो तो नेहमी दिसणाऱ्यालाच.