लॅपटॉपचं वायफाय कार्ड बदलताय? स्क्रूड्रायव्हरच्या आधी वही काढा

आमचं घर अमळनेरच्या जुन्या भागातलं, धाब्याचं. मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा या भिंतींमुळेच आमचं माजघर गार राहतं, आणि याच भिंती वायफाय गिळतात. राऊटर ओसरीवर, आणि मी सगळ्यात मागच्या खोलीत व्यापाऱ्यांचे जीएसटी रिटर्न भरत बसते. २० तारीख जवळ आली की एकेक मिनिट मोलाचं, आणि सिग्नलच्या कांड्या दोनच. म्हणून गेल्या वर्षी लॅपटॉपच्या आतलं वायरलेस कार्ड स्वतः बदललं. कार्ड चांगलं होतं, काम मी बिघडवलं, आणि बिघडलंय हे कळायला दीड महिना लागला. आता धाकट्या दिराच्या लॅपटॉपची पाळी आहे. त्याआधी सगळं लिहून काढते.

बाकी काही विसरलात तरी चालेल, पण हे नाही: लॅपटॉप उघडण्याआधी आजचा सिग्नल मोजा आणि आकडा कागदावर लिहा. मी हेच केलं नव्हतं. नवीन कार्ड बसवलं, विंडोजनं ओळखलं, इंटरनेट सुरू झालं, मी खूश. मागच्या खोलीत मात्र फाइल चढवताना अडतच होती. आधीइतकीच, की आधीपेक्षा जास्त? सांगता येईना. आबा, माझे सासरे, शेजारी बसून बघत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "पहिले कितलं व्हतं माय? लिखी ठेयेल शे का?" आबांची सगळी नोकरी जिनिंगच्या काट्यावर गेली. भरलेली गाडी काट्यावर चढून तिचं वजन लिहिल्याशिवाय तिथे कापूस खाली उतरत नाही, कारण एकदा उतरला की भरल्या गाडीचं वजन पुन्हा कुठून आणणार? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग मी भिंतींना दोष दिला, राऊटरला दिला, त्याची जागा तीनदा बदलली. शेवटी दिवाळीच्या साफसफाईत लॅपटॉपमधली धूळ काढायला झाकण उघडलं तेव्हा दिसलं: अँटेनाच्या दोन वायरींपैकी पांढरी कार्डावर बसलेली आणि काळी शेजारी नुसतीच पडलेली, झाकणाखाली दबून चपटी झालेली. दीड महिना लॅपटॉप एका अँटेनावर चालला होता. ती वायर जागेवर धरून दाबली, टक् असं वाजलं, आणि राऊटरजवळ बसल्यावर जो वेग ४३३ एमबीपीएस दिसायचा तो ८६६ झाला. जुन्या कार्डाचा मागच्या खोलीतला आकडा वहीत असता तर नवीन कार्ड त्याच्या वर आहे की खाली हे पहिल्याच दिवशी पाच मिनिटांत कळलं असतं.

म्हणून आकडा. कसा काढायचा ते नीट सांगते. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजीत 'नेट-एसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस' (netsh wlan show interfaces) टाइप करा. 'नेट-एसएच' एकच शब्द, मधे रेघ नाही. त्यात रेडिओचा प्रकार, चॅनल, रिसीव्ह रेट, ट्रान्समिट रेट (डेटा येण्याचा आणि जाण्याचा वेग) आणि सिग्नलची टक्केवारी येते. हे पाचही लिहा. खाली कोपऱ्यातल्या कांड्या मोजू नका, त्या फार ढोबळ असतात, टक्केवारी बरी. साधारण हिशेब असा की १०० टक्के म्हणजे उणे ५० डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) किंवा त्याहून चांगला सिग्नल, आणि ५० टक्के म्हणजे उणे ७५ च्या आसपास. चॅनलचा आकडा १ ते १३ मधला असेल तर तुम्ही वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्टीवर (बँडवर) आहात, ३६ किंवा त्याच्या वर असेल तर ५ वर. हे लिहिणं गरजेचं आहे, कारण दोन्ही पट्ट्यांना राऊटरवर एकच नाव असेल तर लॅपटॉप आपल्या मनानं इकडून तिकडे जातो आणि तुम्ही नकळत दोन वेगळ्या गोष्टींची तुलना करत बसता. जाड भिंतीतून २.४ जास्त लांब जातं, ५ वेगवान पण लवकर दमतं.

दोन जागी मोजा. एक राऊटरपासून तीन-चार पावलांवर, दुसरी जिथे तुम्ही खरोखर काम करता तिथे. तीच खुर्ची, स्क्रीन तितकीच उघडी, दार नेहमी जसं असतं तसं. प्रत्येक जागी तीन वेळा. मोबाइलमध्ये फोटो काढून भागवू नका, तो हजार फोटोंत हरवतो. वही घ्या, तारीख टाका, लिहा.

लिहिला? नसेल लिहिला तर इथेच थांबा, पुढचं वाचू नका.

आता खर्च करण्याआधी राऊटर हलवून बघा. लोखंडी कपाटाच्या मागे, फ्रिजच्या बाजूला, जमिनीवर ठेवलेला असेल तर उचलून उंच, मोकळ्या जागी ठेवा. फुकटचं काम आहे. हलवल्यावर आकडे पुन्हा लिहा, कारण आता तुमचा 'आधी' बदलला. आणि एक गोष्ट आधीच स्पष्ट असू दे: कार्ड बदललं म्हणून राऊटरची ताकद वाढत नाही, आणि लॅपटॉपचा अँटेना जुनाच राहतो, तो स्क्रीनच्या कडेला किंवा बिजागरीजवळ बसवलेला असतो. फायदा कुणाला होतो? ज्याचं जुनं कार्ड फक्त २.४ वर चालतं किंवा एकाच अँटेनाचं आहे, त्याला भरपूर. ज्याचं कार्ड आधीच दोन अँटेनांचं आणि दोन्ही पट्ट्यांचं आहे, त्याला थोडासाच. त्यानं पैसे राऊटरवर घालावेत.

कार्ड विकत घेण्याआधी झाकण एकदा उघडून आत बघा. हो, दोनदा उघडावं लागेल, तरी बघा. काही पातळ लॅपटॉपमध्ये कार्ड बोर्डावरच डाग देऊन पक्कं केलेलं असतं. मग विषय संपला. सुटं असेल तर आकार बघा. गेल्या आठ-दहा वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये एम डॉट टू नावाच्या खाचेचं, २२३० मापाचं असतं, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ३० लांब. त्याहून जुन्यात मिनी पीसीआय एक्स्प्रेस असतं. त्याची खाच वेगळी आणि वायरींची टोपणंही मोठी, एकमेकांत बसत नाहीत.

मग वायरी मोजा. दोन असतील तर ठीक. स्वस्त लॅपटॉपमध्ये बरेचदा एकच असते, कारण अँटेनाच एक बसवलेला असतो. दोन अँटेनांचं महागडं कार्ड घालून तिथे अर्धंच काम होईल. दुसरा अँटेना ओढायचा तर स्क्रीन आणि बिजागरी खोलावी लागते. मी त्या वाटेला जाणार नाही. अशा वेळी बाहेरून लावायचा, उभ्या अँटेनाचा यूएसबी अडॅप्टर घ्यावा.

आता नावांचा घोळ, यात पुष्कळ जण फसतात. इंटेलची एएक्स२०० आणि एएक्स२१० ही कार्डं नेहमीच्या पीसीआय एक्स्प्रेस जोडणीवर चालतात, त्यामुळे प्रोसेसर इंटेलचा असो की एएमडीचा, सहसा चालतात. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला हुबेहूब तशीच, खाचेत बसतातही, पण त्यांचा निम्मा भाग इंटेलच्या ठराविक प्रोसेसर-चिपसेटच्या आत असतो. एएमडीच्या लॅपटॉपमध्ये ती चालणारच नाहीत, आणि इंटेलमध्येही पिढी जुळावी लागते. शेवटच्या एका आकड्यावर सगळं आहे. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये जाऊन घेणार असाल तर जुन्या कार्डाच्या स्टिकरचा फोटो सोबत न्या आणि नव्या कार्डावरचं नाव स्वतः डोळ्यांनी वाचा. ६ गिगाहर्ट्झच्या नावाखाली जास्त पैसे मोजू नका. ती पट्टी भिंतीतून ५ पेक्षाही कमी जाते, आपल्याला हवी आहे पोच.

काही कंपन्यांचे जुने लॅपटॉप अनोळखी कार्ड दिसलं की सुरूच होत नाहीत. जुन्या थिंकपॅडवर १८०२ क्रमांकाची चूक येते ती हीच. तुमच्या मॉडेलचं नाव घालून आधी शोधा. वॉरंटी चालू असेल तर तिच्या अटी वाचा.

नव्या कार्डाचा ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा, वायफायचा आणि ब्लूटूथचा वेगळा. कार्ड काढल्यावर तो कशानं उतरवणार? तेवढ्यातूनही अडलात तर अँड्रॉइड मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग करा, म्हणजे मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला मिळेल. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर घ्या. राऊटरवर मॅक फिल्टर (ठराविक पत्त्याच्या उपकरणांनाच आत घेणारी सोय) लावलं असेल तर नवीन कार्डाचा पत्ता वेगळा असतो, तो घालावा लागेल. महत्त्वाच्या फाइल दुसरीकडे ठेवा, हे काय सांगायचं. आणि १० ते २० तारखेच्या मधे हे काम काढू नका.

अवजारं: बारीक फुलीचा चांगला स्क्रूड्रायव्हर, झाकण उचकटायला जुनं एटीएम कार्ड, आणि मसाल्याचा रिकामा डबा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुढचे एका वाटीत, मागचे दुसऱ्या, कार्डाचा एकुलता एक तिसऱ्या. लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळला तर वरच्या बाजूला कीबोर्डपर्यंत रुतू शकतो. कूलरसमोर बसू नका, कार्डाचा स्क्रू ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान असतो. थंडीत आणि उन्हाळ्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की अंगावरचा स्वेटर काढताना चटचट ठिणग्या उडतात. तीच ठिणगी चिपवर पडली तर संपलं. सुती कपडे घाला, सतरंजीवर नको, लाकडी टेबलावर बसा, आणि आत हात घालण्याआधी नळाच्या लोखंडी पाइपला हात लावा. मधेच उठून आलात तर पुन्हा लावा.

उघडण्याआधी शेवटचं विचारते: वहीत आकडे आहेत? दोन्ही जागांचे? चॅनलसकट?

लॅपटॉप पूर्ण बंद करा, नुसता स्लीपवर ठेवू नका. चार्जर काढा. रबरी पायांखाली स्क्रू लपलेले असतात, बघा. झाकण निघालं की सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर काढा, वायर धरून नाही, प्लॅस्टिक धरून. पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबा. आता जवळून फोटो काढा, कोणती वायर कोणत्या खुंटीवर आहे ते स्पष्ट दिसेल असा. वायरींची टोपणं नखानं सरळ वर उचला, तिरकी ओढू नका. ती फार नाजूक असतात, तीसेक वेळा काढ-घाल करण्यापुरतीच बनवलेली. स्क्रू काढला की कार्ड स्वतःच तिरकं वर येतं. त्याच कोनात नवीन सरकवा, खाली दाबा, स्क्रू लावा.

आता वायरी. टोपण खुंटीच्या बरोबर डोक्यावर धरा, चाचपून ते मधोमध आलंय याची खात्री करा, मग बोटाच्या टोकानं सरळ खाली दाबा. टक् असं जाणवलं पाहिजे. नाही जाणवलं तर बसलेलं नाही, जोर लावू नका, पुन्हा मधोमध आणा. पांढरी. काळी. दोन्ही बसल्यावर वायरीला अगदी हलका धक्का द्या. टोपण उठता कामा नये. वायर जुन्या खाचेतूनच न्या, स्क्रूच्या खांबावरून नको. झाकण लावण्याआधी अजून एक फोटो, मोठा करून बघा. माझी काळी वायर अशा फोटोत दिसली असती.

बॅटरी जोडा, झाकण, स्क्रू, सुरू करा, ड्रायव्हर टाका, एकदा रीस्टार्ट. ब्लूटूथ बघा.

मग वही उघडा. राऊटरजवळ बसा, तीच कमांड, तीन वेळा. राऊटर दोन किंवा जास्त अँटेनांचा, वायफाय ५ चा (रेडिओचा प्रकार ८०२.११एसी), ५ च्या पट्टीत ८० मेगाहर्ट्झ रुंद चॅनलवर असेल तर ८६६ दिसायला हवं. ४३३ वरच अडकलं असेल तर एक अँटेना लागलेला नाही. २.४ वर २० मेगाहर्ट्झला १४४ ऐवजी ७२ आलं तरी तेच. नंतर मागची खोली, तीच खुर्ची, तेच दार. जुन्या आकड्याच्या शेजारी नवा लिहा. वाढला तर जुनं कार्ड त्याच पुडीत घालून जपून ठेवा. घटला तर दुसऱ्या कशालाही दोष देऊ नका, झाकण परत उघडा आणि आधी काळी वायर बघा.