पावसाळ्याआधी डीओ मीटरचे कॅलिब्रेशन: कोळंबी व मत्स्य उत्पादकांसाठी सल्ला

मृग नक्षत्राच्या तोंडावर आभाळ सलग भरून राहू लागले की तळ्यातील वनस्पती प्लवंगांना पुरेसे ऊन मिळत नाही, दिवसा पाण्यात तयार होणारा प्राणवायू घटतो आणि सूर्योदयापूर्वीच्या तास-दोन तासांत तो नीचांकावर येतो. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारी यंत्रे) किती आणि केव्हा चालवायचे हे त्या वेळी डीओ मीटरच्या, म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजणाऱ्या उपकरणाच्या, आकड्यावर ठरत असल्याने, कोकणातील निमखाऱ्या पाण्याच्या कोळंबी उत्पादकांनी आणि घाटावर शेततळ्यात कटला, रोहू, मृगळ वाढवणाऱ्यांनी मीटर पाऊस सुरू होण्याआधीच तपासून घ्यावा.

कॅलिब्रेशन, म्हणजे मीटरचा आकडा ज्ञात मापाशी जुळवणे, सावलीत, बाष्पाने भरलेल्या हवेत करावे. मीटरसोबत मिळालेल्या कपात तळाशी थोडे पाणी किंवा ओला स्पंज ठेवून त्यात प्रोब (मीटरची पाण्यात सोडायची मोजणारी कांडी) अधांतरी धरावा. प्रोबच्या टोकावरील पातळ पडद्यावर पाण्याचा एकही थेंब राहू देऊ नये आणि कपाचे झाकण घट्ट आवळू नये, कारण आतील दाब बाहेरच्या हवेइतकाच राहिला पाहिजे. प्रोबचा प्रकार मीटरच्या माहितीपत्रकात पाहावा; पोलरोग्राफिक प्रोब असल्यास मीटर सुरू करून १० ते १५ मिनिटे थांबावे. गॅल्व्हॅनिक आणि ऑप्टिकल प्रोबना हा वेळ लागत नाही, मात्र तापमान स्थिरावेपर्यंत त्यांनाही थांबावेच लागते. आकडा हलायचा थांबल्यावरच १०० टक्के (पूर्ण संपृक्तता) नोंदवावे.

आता खरी मेख. टक्केवारी बरोबर आली म्हणजे मिलिग्रॅमचा आकडाही बरोबर आला असे होत नाही. ३० अंश सेल्सिअसला समुद्रसपाटीवरील गोड्या पाण्यात संपृक्त (जास्तीत जास्त विरघळू शकणारा) प्राणवायू लिटरला सुमारे ७.५६ मिलिग्रॅम असतो. सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात तोच ७.१ च्या आसपास भरतो. म्हणून किनाऱ्यावर कॅलिब्रेट केलेला मीटर घाट चढून नेल्यास तेथे पुन्हा कॅलिब्रेट करावा. मीटरमध्ये हवेचा दाब हाताने भरायचा असेल, तर हवामान वृत्तातील आकडा तसाच भरू नये. तो बहुधा समुद्रसपाटीला रूपांतरित केलेला असतो. त्यापेक्षा गावाची उंची भरण्याची सोय असलेला मीटर सोयीचा.

कोळंबीच्या तळ्यात उंचीपेक्षा क्षारता अधिक दगा देते, कारण खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. पाण्याची क्षारता २० पीपीटी (हजार भागांत २० भाग क्षार) आणि मीटरमध्ये भरलेली क्षारता शून्य, अशी स्थिती असेल तर मीटरवर ४.० दिसत असताना पाण्यात प्रत्यक्षात ३.६ च्या आसपासच प्राणवायू असतो, म्हणजे कोळंबीसाठी राखायची ४ मिलिग्रॅमची पातळी मोडलेली असते आणि उत्पादक मात्र निर्धास्त असतो. उलट, जोराच्या पावसाने क्षारता उतरली आणि मीटरमधील जुना आकडा बदलला नाही, तर वाचन खऱ्यापेक्षा कमी येते. त्यात कोळंबीला धोका नाही, विजेचे बिल तेवढे वाढते. पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर थर धरून राहत असल्यामुळे क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने (क्षारता मोजण्याच्या उपकरणाने) त्याच खोलीवर मोजावी, जेथे प्रोब सोडायचा आहे. कोळंबीसाठी ती खोली तळालगतची. प्रोबला वाहकतेचा (पाण्यातून वीज किती वाहते ते मोजणारा) सेन्सर जोडलेला असल्यास ही दुरुस्ती मीटर स्वतः करतो.

शून्याची तपासणी हंगामात एकदा पुरे. प्राणवायू शोषून घेणाऱ्या सोडियम सल्फाइटच्या ताज्या द्रावणात प्रोब बुडवल्यावर आकडा काही मिनिटांत शून्याजवळ आला पाहिजे. नंतर प्रोब स्वच्छ पाण्याने अनेकदा धुवावा. आकडा वरच अडकत असेल, तर पडद्याखाली हवेचा बुडबुडा राहिला आहे का, पडद्याला सुरकुती अथवा छिद्र आहे का हे पाहावे आणि गरज पडल्यास आतील द्रावणासह पडदा बदलावा. पडदा असलेला प्रोब स्वतः प्राणवायू खर्च करीत असल्याने मोजताना तो पाण्यात हळूहळू हलवत राहावा, ऑप्टिकल प्रोबला याची गरज नाही. तळाच्या काळ्या गाळात मात्र पडद्याचा प्रोब खुपसू नये, कारण गाळातील हायड्रोजन सल्फाइडने इलेक्ट्रोड खराब होतात.