मड उभारताना पहिलं गाव स्वतःचं बांधा

मजकुरावर चालणारा मल्टिप्लेअर गेम, म्हणजे मड, सुरू करताय? मग मडच्या सॉफ्टवेअरसोबत आलेले तयार एरिया, म्हणजे खोल्या जोडून केलेले खेळातले प्रदेश, लगेच पुसू नका. मर्क, रॉम, सर्कलमड ही मड चालवणारी सॉफ्टवेअरं सगळी कोपनहेगनमध्ये 1991 साली आलेल्या डिकूमडची पिलावळ. त्यांचे आयते एरिया दुकान, लढाई, कुलपं तपासायला फार कामाचे.

पण तुमच्या मडमध्ये नव्याने आलेल्या खेळाडूला मिडगार्डच्या, म्हणजे सोबत येणाऱ्या तयार शहराच्या, देवळात उतरवू नका. आधी इतर मड खेळलेल्यांना तिथली बेकरी डोळे मिटून सापडते. ते कंटाळून निघून जातात. सुरुवातीचं गाव तरी आपलं हवंच. कोल्हापुरातले असाल तर भवानी मंडपातून सुरुवात करा, वीस-पंचवीस खोल्या पुरतात.

मग एक एरिया जीव ओतून करा. पन्हाळ्याची अंधार बाव घ्या: तीन मजली विहीर, म्हणजे वर-खाली जोडलेल्या तीन खोल्या, तळाला पाणी. मधल्या मजल्यावर चोरवाट ठेवायची तर वर्णनात लिहा, ‘पश्चिमेच्या भिंतीतला एक चिरा किंचित पुढे आलाय’ आणि दाराचा कीवर्ड, म्हणजे ते उघडायला टाइप करायचा शब्द, ‘चिरा’ ठेवा. नीट वाचणाऱ्यालाच वाट मिळते.

खोल्यांना वेगळ्या पट्ट्यातले क्रमांक द्या. मिडगार्डचं देऊळ 3001 वर असतं, रिकॉल, म्हणजे सुरुवातीच्या जागी परत नेणारा आदेशही तिथेच नेतो; ते ठिकाण आधी बदला. तयार एरियातली मूळ लेखकांची नावं मात्र जशीच्या तशी ठेवा. मर्क, रॉम, सर्कलमडसोबत येणाऱ्या डिकूच्या मूळ परवान्यात श्रेय देणं सक्तीचं आहे आणि पैसे कमावायलाही मनाई आहे.