‘असेल’ स्पॅनिशमध्ये कसं म्हणायचं?

मालवणात होमस्टे चालवणारी, पर्यटकांना किल्ल्यावर नेणारी किंवा जहाजावरच्या नोकरीसाठी धडपडणारी मंडळी स्पॅनिश शिकायला बसली की ‘कदाचित’ला ‘किसास’ पाठ करतात. शब्द चुकीचा नाही. त्याचं मूळ ‘की साबे’, म्हणजे आपलं ‘कोण जाणे’च. पण क्रियापदाआधी तो आला की पुढे क्रियापदाचं साधं रूपही चालतं आणि सबजंक्टिव्हही, म्हणजे शंका-शक्यता दाखवणारं वेगळं रूप. शंका जास्त तर सबजंक्टिव्ह. नवख्याची जीभ नेमकी तिथे अडखळते. ‘ताल वेस’ म्हणजेही ‘कदाचित’च, आणि त्याचंही तेच. गोव्याकडून पोर्तुगीज कानावर पडलेलं असेल तर आणखी सांभाळा: तिथल्या ‘ताल्वेश’पुढे क्रियापद आलं की सबजंक्टिव्हच लागतो.

सुरुवातीला ‘कदाचित’साठी ‘आ लो मेखोर’ धरा. त्यापुढे नेहमी साधं रूप. ‘मेखोर’ म्हणजे ‘अधिक चांगलं’ खरं, पण इथे बऱ्यावाइटाचा संबंध नाही. दर्या खवळलाय, उद्या होडी सुटायची शाश्वती नाही: ‘आ लो मेखोर मान्याना नो साले ला लांचा’. हेच ‘पुएदे के’ने (‘शक्य आहे की’) सांगायचं तर ‘साले’चं ‘साल्गा’ होतं, कारण ‘पुएदे के’ला सबजंक्टिव्हशिवाय चालत नाही. त्यासाठी आधी सबजंक्टिव्हची सहाच रूपं घोटा: सेआ आणि एस्ते (असणे), आया (‘गेला असेल’मधल्या ‘असेल’सारखं सहायक), तेंगा (जवळ असणे), बाया (जाणे), साल्गा (निघणे). रोजचं बरंचसं बोलणं त्यात भागतं.

मराठी माणसाला एक गोष्ट मात्र फुकट मिळालेली आहे, आणि इंग्रजीतून शिकणारे तीच घालवून बसतात. ‘तो घरी असेल’ हे रूप भविष्याचं, अंदाज आत्ताचा. स्पॅनिशही असंच बोलते: ‘एस्तारा एन कासा’. पाच वाजले असतील, ‘सेरान लास सिंको’. त्याची गाडी चुकली असेल, ‘आब्रा पेर्दीदो एल त्रेन’. इथे वेगळा ‘कदाचित’ लागतच नाही. डोक्यात ‘मेबी’ आणून मग शब्द शोधत बसू नका; थेट ‘असेल’वरून उडी मारा.

‘इग्वाल’ जपून. ‘इग्वाल बोय’ म्हणजे माद्रिदच्या माणसाला ‘जाईनही कदाचित’, ब्युनोस आयर्सच्याला ‘तरीही जाणारच’.

सगळ्यात महागात पडतो तो ‘सेगुरामेंते’. ‘सेगुरो’ म्हणजे खात्रीचा, म्हणून हा शब्द ‘नक्की’ वाटतो; बोलण्यात त्याचा अर्थ ‘बहुधा’. पाहुणा सकाळी ‘सेगुरामेंते सेनारेमोस आकी’ म्हणाला, म्हणजे रात्रीचं जेवण बहुधा इथेच. एवढ्यावर चार माणसांची सुरमई आणली तर ती घरच्यांनाच संपवावी लागते. आधी ‘एंतोन्सेस, सी ओ नो?’ (‘मग, हो की नाही?’) विचारून घ्यावं, मग पिशवी उचलावी.